'चिलिंग ॲडव्हेंचर्स ऑफ सब्रिना' : छत्तीस प्रकरणं पाहावीत की विसाव्याला थांबावं?

रात्रपाळी
या मालिकेवर इथे तुटक तुटक बरंच बोलणं झालंय, पण एकत्र धागा नाही, म्हणून काढते आहे. सगळ्या भागांचा रसभंग होणार, ज्यांना कोरी पाहायची आहे त्यांनी ही पोस्ट वाचून थांबावं.

आधी मांडणी. पहिला भाग २६ ऑक्टोबर २०१८ ला नेटफ्लिक्सवर आला, १० प्रकरणं. १४ डिसेंबर २०१८ ला नाताळचं एक जादा प्रकरण. दुसरा भाग ५ एप्रिल २०१९, ९ प्रकरणं. तिसरा २४ जानेवारी २०२०, ८. चौथा ३१ डिसेंबर २०२०, ८. एकूण ३६, एकेक साधारण तासाभराचं. प्रकरणांचे क्रमांक सलग आहेत, त्यामुळे 'विसावं' म्हटलं की दुसऱ्या भागाचा शेवट समजावा.

सब्रिना स्पेलमन अर्धी चेटकीण, अर्धी माणूस. सोळाव्या वाढदिवशी, म्हणजे हॅलोविनच्या रात्री, तिने सैतानाच्या वहीत रक्ताने सही करायची आहे. सही केली की शक्ती पूर्ण मिळणार, पण शाळा, प्रियकर हार्वी, मैत्रिणी सुटणार. या एका सहीवर पहिली दहा प्रकरणं उभी आहेत आणि मला ती अतिशय आवडतात.

माझं मत असं की विसाव्या प्रकरणात गोष्ट संपते. पुढची १६ ही वेगळीच मालिका आहे. कारण एकच: पहिल्या दोन भागांत प्रत्येक जादूची किंमत मोजावी लागते, पुढे ती लागत नाही. पटतंय का? आणि नव्याने पाहणाऱ्याला काय सांगावं?

कुंपणावर
विसाव्याला थांबा. +१.

शेवग्याचं झाड
किंमतीचा मुद्दा पटला, पण उदाहरणाशिवाय तो हवेत राहतो. सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे आठवं आणि नववं प्रकरण.

स्पेलमनांच्या अंगणातल्या दफनभूमीत 'केन पिट' आहे. तिचे नियम मालिकेने आधीच दाखवलेत: सब्रिनाची आत्या झेल्डा रागाच्या भरात बहीण हिल्डाला मारते, त्या मातीत पुरते, आणि हिल्डा मातीने माखलेली, पण जिवंत परत येते. हे पहिल्यांदा विनोद म्हणून येतं. म्हणून आपण सावध नसतो. त्या मातीची मर्यादा अशी की ती चेटकिणींनाच परत आणते, माणसांना नाही.

खाण कोसळून हार्वीचा भाऊ टॉमी जातो. टॉमी माणूस. मग सब्रिना पळवाट शोधते: जिवाच्या बदल्यात जीव या मंत्राने टॉमीला उठवायचं, बदल्यात अगाथा या चेटकिणीचा गळा चिरायचा, आणि अगाथाला लगेच केन पिटमध्ये पुरायचं, म्हणजे तीही उठेल. दोन्ही जीव वाचले, मृत्यूच्या हाती काही नाही. कागदावर हिशेब अगदी जुळतो.

बिघडतं कुठे? बदल्यात दिलेला जीव परत घेतला, म्हणजे सौदा पुरा झालाच नाही. टॉमी घरी येतो तो नुसता देह. जेवतो, बसतो, बोलत नाही. आत्मा मधल्या लोकात अडकलेला. अगाथाही धड उठत नाही, तिच्या पोटातून माती येऊ लागते. सब्रिना आत्मा आणायला त्या लोकात जाते, तेही फसतं. शेवटी हार्वीला स्वतःच्या भावाला गोळी घालावी लागते. आणि हे सगळं कोणी केलं तेही त्याला कळतं.

नियम, मर्यादा, पळवाट, पळवाटेतली चूक, आणि ती चूक भरून कोणी दिली, पाचही गोष्टी स्पष्ट. तिसऱ्या-चौथ्या भागात असा एकही धागा सापडत नाही.

अंधारवेल
शेवग्याचं झाड, उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटाला विसरलात.

नरकाच्या गादीसाठी सब्रिना आणि कॅलिबन यांच्यात शर्यत लागते: हेरोदचा मुकुट, पिलातचं पात्र आणि जूडासची चांदीची तीस नाणी. तिसऱ्या फेरीत कॅलिबन तिला नवव्या वर्तुळात दगडात कैद करतो. तिला सोडवते भविष्यातून आलेली सब्रिना. आता नियमाने पहिल्या सब्रिनाने सगळं निस्तरून झाल्यावर मागे जाऊन स्वतः त्या दगडात उभं राहायला हवं, नाहीतर साखळी तुटते. तिचा नात्यातला भाऊ ॲम्ब्रोज तिला हे स्वच्छ सांगतो. ती ऐकत नाही. एक नरकात राणी होते, एक घरी राहून शाळेत जाते. दोन्ही जगं हवीत हा तिचा पहिल्या प्रकरणापासूनचा हट्ट, तो इथे अक्षरशः पूर्ण होतो.

याचं बिल चौथ्या भागात येतं. एकाच विश्वात दोन सब्रिना, म्हणून दुसरं विश्व आपल्यावर येऊन आदळायला लागतं. एकीला आरशातून पलीकडे पाठवावं लागतं. ती मरते. मग उरलेलीही मरते. हार्वीच्या गोळीपेक्षा ही किंमत कमी आहे का? ती उशिरा वसूल होते, एवढंच.

शेवग्याचं झाड
हे मी धरलं नव्हतं, मान्य. तरी एक फरक आहे. टॉमीच्या वेळी पुढच्याच प्रकरणात बिल येतं आणि ते त्याच माणसांच्या अंगावर येतं. दोन सब्रिनांचं बिल सहा प्रकरणांनी येतं, आणि मधल्या काळात ॲम्ब्रोज सोडला तर कोणाला त्याची धास्ती नाही. पाहणाऱ्याला कारण आणि परिणाम जोडता आला पाहिजे ना.

तिसरी घंटा
तुम्ही दोघेही एक व्यक्ती विसरताय. पहिल्या भागात बिलं आपोआप येत नाहीत, कोणीतरी ती फाडत असतं. ती म्हणजे लिलिथ.

पहिल्याच प्रकरणात ती मेरी वॉर्डवेल या शिक्षिकेला मारून तिचं रूप घेते. तिचं काम एकच, सब्रिनाची सही मिळवणं. सहाव्या प्रकरणात सब्रिना मैत्रीण सूझीच्या काकाच्या अंगातलं पिशाच यशस्वीपणे काढते, आणि लगेच नंतर वॉर्डवेल त्या काकाला संपवते. म्हणजे विजय हाती लागू द्यायचा नाही. दहाव्यात ती ग्रीनडेल गावच्या फाशी दिलेल्या तेरा चेटकिणींना उठवते. गाव वाचवायला सब्रिनाला शक्ती हवी, शक्तीला सही हवी. सब्रिना सही करते, नरकाग्नी बोलावून फाशीचं झाड जाळते, आणि तिचे केस पांढरे होतात.

म्हणून पहिला भाग इतका घट्ट वाटतो. प्रत्येक घटनेमागे एकाच दिशेला ढकलणारा एकच हात आहे. दुसऱ्या भागात तो हात सैतानाचा निघतो: सब्रिनाचे 'चमत्कार' हे येशूच्या चमत्कारांची उलटी नक्कल असून त्यातूनच नरकाचं दार उघडणार, हे लिलिथलाही माहीत नसतं. ढकलणारीलाच कोणीतरी ढकलत होतं. फार सुंदर वळण आहे हे.

विसाव्यात लिलिथ नरकाची राणी होते. त्या क्षणी हिशेब लिहिणारं माणूसच मालिकेतून उठतं. पुढे संकटं बाहेरून येतात: तिसऱ्यात जत्रेतले पेगन लोक, चौथ्यात आठ आदिभयं. संकट मोठं, पण सब्रिनाला ओळखणारं कोणी नाही. लिलिथ करणारी मिशेल गोमेझ शेवटपर्यंत आहे, पण तिला ते काम परत कोणी दिलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

रात्रपाळी
तिसरी घंटा, धाग्याच्या पोस्टमध्ये मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नीट म्हटलंत. 'किंमत गेली' यापेक्षा 'किंमत वसूल करणारी गेली' हे जास्त बरोबर आहे.

खिडकीतली
थोडं अवांतर, पण उपयोगाचं. चित्राच्या कडा धूसर का दिसतात असं दर वेळी कोणीतरी विचारतं. टीव्ही बिघडलेला नाही, नेटचाही दोष नाही. मालिका मुद्दाम तशा अ‍ॅनामॉर्फिक भिंगांनी चित्रित केलीय, मधला चेहरा स्वच्छ आणि कडांना चित्र ओढल्यासारखं, विरघळल्यासारखं. जंगलात नि जादूच्या अकादमीत हे जास्त जाणवतं. शार्पनेस वाढवून काही होत नाही, उलट त्वचा खरखरीत दिसते.

करायचं ते असं: चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, आणि खोलीतला दिवा पडद्यासमोर नको, पडद्यामागे ठेवा. स्पेलमनांचं घर म्हणजे शवागार, तळघरातले प्रसंग इतके काळोखे आहेत की समोर दिवा असला तर ॲम्ब्रोज कुठे उभा आहे तेच कळत नाही.

लांबची पाहुणी
काळ कोणता आहे यावरही एक ओळ हवी. गाड्या, कपडे, फोन जुने, मुलांची भाषा आजची. हे गोंधळून केलेलं नाही. लिसा सोपर यांच्या कलादिग्दर्शनात घरातली एकही वस्तू ठरावीक दशकाची वाटू नये अशी काळजी दिसते. मूळ कॉमिक २०१४ चं, रॉबर्टो अग्विरे-सकासा यांनी लिहिलेलं, रॉबर्ट हॅक यांनी चितारलेलं, आणि ते १९६० च्या दशकात घडतं. सब्रिना हे पात्र त्याहून जुनं, ऑक्टोबर १९६२ चं, जॉर्ज ग्लॅडिर आणि डॅन डेकार्लो यांचं. मालिकेने दोन्ही काळ एकत्र कालवले.

कुंपणावर
आणि मेलिसा जोन हार्टवाली जुनी सब्रिना मालिका? तिच्यात मांजर बोलायचं!

लांबची पाहुणी
ती १९९६ ते २००३, सात हंगाम, १६३ भाग, पूर्ण विनोदी. तिच्यातला सेलम हा जग जिंकायला निघाल्याबद्दल शंभर वर्षं मांजर होण्याची शिक्षा झालेला माणूस. इथला सेलम आत्मा आहे, मांजराच्या रूपात आलेला, आणि फक्त म्यांव करतो. एक गोड गोष्ट: त्या मालिकेतल्या दोन्ही आत्या, कॅरोलिन ऱ्हे आणि बेथ ब्रॉडरिक, पस्तिसाव्या प्रकरणात हिल्डा-झेल्डा म्हणूनच येतात. तिथलं जग म्हणजे विनोदी मालिकेचा सेट. सब्रिना पलीकडच्या विश्वात गेलीय हे एका चौकटीत कळतं. चौथ्या भागावर इतकी टीका होते, पण हे प्रकरण कोणी गाळू नये.

अंधारवेल
हेच म्हणत होते मी!

पडवी
भाषेचा प्रश्न विचारते. मराठीत लिहिताना तुम्ही सगळे 'चेटकीण' लिहिताय ते ठीकच आहे, पण काही जण इतरत्र 'डाकीण' लिहितात. कृपा करून तो शब्द इथे नको. नंदुरबारकडे सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथे तो शब्द म्हणजे गोष्टीतलं पात्र नाही, आरोप आहे. 'चेटकीण' परीकथेतून आलेली, तिच्यात तो घाव नाही.

तिसरी घंटा
पडवी, शंभर टक्के. आणि हा मुद्दा मालिकेपासून दूरही नाही. ग्रीनडेलच्या तेरा जणींमागे अमेरिकेतल्या सेलम गावाची सावली आहे. १६९२ मध्ये सेलमच्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं, काही जण तुरुंगात मेले. जाळलं कोणालाच नाही, तो समज चुकीचा. मालिकेनेही झाडाला टांगलेल्याच दाखवल्यात. पहिल्या प्रकरणात सब्रिना बागेतलं सफरचंद चावते आणि तिला दिसतं ते फांद्यांना लटकलेल्या बायका. मला तो प्रसंग संपूर्ण मालिकेतला सगळ्यात खरा वाटतो. फळ लालचुटुक, बाग सोनेरी, आणि क्षणात झाडाला फळांऐवजी देह.

पडवी
धन्यवाद. मग 'फॅमिलिअर'ला, म्हणजे चेटकिणीच्या सोबतीला असणाऱ्या आत्म्याला, काय म्हणायचं? 'वश केलेलं भूत' बरोबर वाटत नाही.

शेवग्याचं झाड
सब्रिनाच्या बाबतीत तर नाहीच. बाकीच्यांना यादीतून निवडून फॅमिलिअर मिळतो. ती यादी नाकारते, जंगलात जाऊन हाक मारते, आणि 'मालक-नोकर नको, जो स्वतःहून येईल तो यावा' असं सांगते. सेलम स्वतःहून येतो. 'सांगाती' म्हणावं.

पडवी
सांगाती. छान आहे, हाच घेते.

खिडकीतली
भुतांची निवडही मन लावून केलीय. पाचव्या प्रकरणातली बाटिबाट ही फिलिपिन्समधल्या इलोकानो लोकांची, झाडात राहणारी. झाड तोडून त्याचा खांब घरात लावला की ती खांबातून येते आणि झोपलेल्याच्या छातीवर बसते. आपल्याकडे झोपेत हलता येईना की 'छातीवर भूत बसलं' म्हणतात, तेच. तिथे उपाय सांगतात अंगठा चावायचा किंवा पायाची बोटं हलवायची, म्हणजे शरीराचा एखादा भाग जागा करायचा.

मालिकेत ती ॲकेरॉन नावाच्या कोड्याच्या पेटीत बंद असते. अकादमीचा प्रमुख फादर ब्लॅकवुड ती पेटी सब्रिनाला सोडवायला देतो, ती सोडवते आणि सगळं घर दुःस्वप्नात अडकतं. हीच पेटी विसाव्यात परत येते: ल्युसिफरला, म्हणजे सैतानाला, तिच्यात कोंडतात, पेटी टिकत नाही, मग सब्रिनाचा नवा प्रियकर निक स्वतःच्या शरीराची पेटी करतो. पाचव्यात पेरलेलं विसाव्यात उगवलं. आधी पेटीचं काम दाखवलं, मग तिची क्षमता ओलांडणारा कैदी आणला, म्हणून निकचा त्याग पटतो.

मधला रस्ता
पुतळ्याचा वाद कोणी काढला नाही अजून. अकादमीतला बॅफोमेट या बकऱ्याच्या डोक्याच्या मूर्तीचा पुतळा, शेजारी दोन मुलं उभी. बॅफोमेटचं प्रसिद्ध चित्र एलिफास लेव्हीचं, एकोणिसाव्या शतकातलं, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण त्यात मुलं नाहीत. मुलं ही द सॅटनिक टेंपल या अमेरिकी संस्थेने २०१५ मध्ये डेट्रॉइटला उघड केलेल्या पुतळ्यातली, तो त्यांचा स्वतःचा घाट. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी ५ कोटी डॉलरचा दावा लावला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली, श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख आला. पैशापलीकडे त्यांची तक्रार अशी होती की आमचं चिन्ह नरमांसभक्षक खलनायकांच्या मागे उभं केलंत. सातव्या प्रकरणातली मेजवानी आठवली तर ती तक्रार पोकळ वाटत नाही.

कुंपणावर
विक्का हा आधुनिक निसर्गपूजक पंथ पाळणाऱ्यांनाही हे आवडलं नव्हतं. त्यांच्यात सैतान नाहीच मुळी.

मधला रस्ता
बरोबर. म्हणून तिसऱ्या भागातला हेकाटी या ग्रीक देवीकडे जाण्याचा निर्णय मला चांगला वाटतो. ल्युसिफर कोंडला गेल्यावर सगळ्यांची शक्ती आटते, कारण ती उसनी होती. झेल्डा मग तीन रूपांच्या देवीला साद घालते: कुमारिका, माता, वृद्धा. इतकी वर्षं 'सैतानाची स्तुती असो' म्हणणारी बाई प्रार्थनेचं नावच बदलते. झेल्डा करणाऱ्या मिरांडा ओटोने हे फार ताकदीने केलंय. विसाव्याला थांबणाऱ्यांची झेल्डा अर्धवट राहते, ही माझी मुख्य हरकत.

रात्रपाळी
ही हरकत मला मान्य करावीच लागेल. विसाव्यापर्यंतची झेल्डा ब्लॅकवुडशी लग्न करून त्याच्या मंत्राखाली मुकी बाहुली झालेली आपण पाहिली आहे. तिथून स्वतःचा पंथ उभा करणारी झेल्डा बघायलाच हवी.

आणि छत्तिसावं? निक म्हणतो, दुःखाच्या समुद्रात पोहायला गेलो, प्रवाहाने ओढलं. आणि दोघं पांढऱ्या दालनात शेजारी बसतात. यावर कोणी बोललं नाही.

अंधारवेल
बोलते. सब्रिनाचं मरण मला चालतं, कारण शून्य या आदिभयाला रोखण्यासाठी ती ते जाणूनबुजून पत्करते. निकचं नाही चालत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची मालिका, तिच्यात प्रेयसी गेली म्हणून मुलगा बुडतो आणि त्याला गोड शेवट म्हणून दाखवतात. इथे जादूच्या नियमाचा प्रश्नच नाही. हे बेजबाबदार लिखाण आहे. त्याच्या मागे उरलेल्या प्रुडन्स, ॲम्ब्रोज, आत्या यांच्याकडे कॅमेरा थोडा जास्त वेळ थांबायला हवा होता.

शेवग्याचं झाड
पूर्ण सहमत, आणि या धाग्यात आपण दोघं पहिल्यांदाच. हेही लक्षात घ्या की तिसरा आणि चौथा भाग मिळून १६ प्रकरणं डिसेंबर २०१८ मध्ये एकत्र मंजूर झाली होती आणि मालिका थांबवल्याचं जाहीर झालं जुलै २०२० मध्ये. घाईत शेवट गुंडाळला असं म्हणता येत नाही.

तिसरी घंटा
प्रुडन्सचं नाव निघालं म्हणून. ब्लॅकवुडची नाकारलेली मुलगी, सब्रिनाला फासावर लटकवू पाहणारी, आणि पुढे तिच्याच बाजूने उभी राहणारी. ती करणाऱ्या ताती गॅब्रिएलसाठी तरी सगळं पाहावं. आणि ॲम्ब्रोज करणारा चान्स पर्डोमो मार्च २०२४ मध्ये मोटरसायकल अपघातात गेला, त्यानंतर शेवटच्या प्रकरणातले त्याचे प्रसंग पाहणं फार जड जातं.

रात्रपाळी
इतके प्रतिसाद वाचून मी मूळ उत्तर बदलते आहे. नव्याने पाहणाऱ्याला आता मी असं सांगेन:

१ ते १० सलग, शक्यतो एका आठवड्यात, कारण लिलिथचे डाव लक्षात राहायला हवेत. १२ ते २० एका दमात, आणि विसाव्यानंतर दोन-चार दिवस जाऊ द्यावेत. मग तिसरा भाग झेल्डासाठी. त्यातली शाळेतली गाणी पुढे सरकवली तरी गोष्ट तुटत नाही. चौथ्यातली आदिभयं दर प्रकरणाला एक अशी आहेत, तेव्हा रोज एकच पाहावं, सलग पाहिलं तर साचा डोळ्यात खुपतो. ३५ नक्की. ३६ पाहताना निकच्या शेवटाची कल्पना असावी, विशेषतः घरातली मुलं सोबत असतील तर.

अकरावं, नाताळचं, गाळलं तर चालेल असं वाटतंय. ते सुटं आहे ना?

खिडकीतली
नाही, गाळू नका! वरवर सुटं दिसतं. यूलचा ओंडका रात्रभर जळता ठेवायचा, तो विझला की धुराड्यातून घरात आत्मे शिरतात, हा त्यातला नियम. आईच्या आत्म्याला बोलावण्याच्या भानगडीत ओंडका विझतो आणि आइसलँडच्या लोककथांतली ग्रीला तिच्या पोरांमागून येते. ग्रीलाला हवं असतं तान्हं मूल, आणि घरात ब्लॅकवुडची मुलगी लेटिशिया लपवलेली. सब्रिना कापडी अस्वलाला मंत्राने बाळाचं रूप देऊन ग्रीलाच्या हाती देते.

पण मुद्दा पुढचा. घर आता सुरक्षित नाही म्हणून झेल्डा ते बाळ जंगलातल्या डेस्मेल्डाकडे सोपवते. अकरावं पाहिलं नाही, तर दुसऱ्या भागात ब्लॅकवुडची मुलगी कुठे होती आणि झेल्डा त्या विषयावर गप्प का, हे कळणार नाही.

रात्रपाळी
डेस्मेल्डा मी पार विसरले होते. मग १ ते ११ सलग. वरची यादी दुरुस्त करते.